मुंगीनं पास केलेले गाल

नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या तमाम कोरड्या, तेलकट, गोऱ्या आणि सावळ्या कातडीच्या नागरिकांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, सत्तरच्या दशकात त्यांच्या गालांचं रक्षण ना सरकार करत होतं, ना डॉक्टर. ते काम आमचे शेजारी दादाराव नाकेदार यांच्या ओट्यावरच्या काळ्या मुंग्या करत होत्या.

दादारावांची अख्खी नोकरी जकात नाक्यावर गेली. ट्रक थांबवायचा, पोत्यात सळई खुपसायची आणि मन भरलं की ओरडायचं, "पास!" निवृत्तीनंतर ट्रक सुटले, 'पास' सुटलं नाही. गल्लीत कोणी दुकानातली क्रीमची डबी आणली की दादाराव तिच्यातलं बोटभर मागून घेत, ओट्यावर ठिपका लावत आणि शेजारी उकिडवे बसत. मुंगी वळसा घालून गेली की माल नापास.

"पाह्यलं गा? मुंगी तोंड लावून नाही राहिली, अन् तू थोबाडाले लावतं! टिकाऊ औषध हाय यात. जे सडत नाही, थे जित्तं नाही!"

मी एकदा म्हणालो, "दादाराव, कंपाउंडर सांगत होता, ते औषध चिमूटभरच असतं. नाही घातलं तर डबीत बुरशी धरते."

"म्हणजे बुरशीले अक्कल हाय, कंपाउंडरले नाही!"

त्यांचं स्वतःचं क्रीम म्हणजे साय, चंदन आणि संत्र्याच्या वाळलेल्या सालींची पूड. त्याला मुंग्यांची अशी रांग लागे की रामटेकच्या जत्रेनं लाजावं. "फर्स्ट क्लास पास!" दादाराव जाहीर करत.

तेच क्रीम एकदा माझ्या बायकोनं, सुमननं नेलं. भाचीचं लग्न तोंडावर आलेलं, हिला गाल उजळायचे होते. नागपूरची थंडी ओसरत होती. डबीला आंबूस वास यायला लागला, पण सुमनला तो चंदनाचा गुण वाटला. लग्नाच्या आदल्या दिवशी दोन्ही गालांवर फोडांची तूरडाळ पसरली.

सुमन थेट दादारावांच्या स्वयंपाकघरात. मागे मी, पंचनाम्याला.

"पाहा! तुमच्या मुंगीनं पास केलेले गाल!"

"वहिनी, तुम्ही शिळं लावलं. हे रोजच्या रोज ताजं न्या लागते."

"म्हणजे रोज सकाळी दुधाच्या बरणीसोबत गाल घेऊन येऊ का? अन् लोणच्यात मीठ काहून घालता? थे बी टिकाऊच ना! लोणच्याले मीठ, तसं क्रीमले औषध!"

पुराव्यासाठी तिनं फळीवरची लोणच्याची बरणी ओढली. मागे दुकानातल्या कोल्ड क्रीमची डबी निघाली. पाण्याच्या बशीत ठेवलेली, मुंग्या चढू नयेत म्हणून.

"अगं बाई! चोर नाकेदाराच्याच घरात! अन् नापास मालाले मुंगीची भीती?" सुमननं झाकण फिरवलं. क्रीम पांढरंशुभ्र. तिनं गालासाठी बोट पुढे केलं.

गुडघ्यावर हात टेकल्याशिवाय न उठणारे दादाराव अक्षरशः झेपावले. "हात नोका लावू!"

आम्ही थबकलो. क्रीमच्या मधोमध एका बारीक बोटाची खूण होती, अर्धचंद्रासारखी.

"कमलाचं बोट हाय थे," दादाराव म्हणाले. कमलाबाई, त्यांची बायको, जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. "मी मुंगी लावीन म्हणून लपवून ठेवे, लोणच्यामागं. मले वाटे, इचे गाल आपल्या सायीनंच मऊ राहून राहिले. गेल्यावर डबी सापडली."

सुमननं झाकण हळूच लावलं. डबी बशीत ठेवली. बशीतलं पाणी कमी झालं होतं, ते तांब्यातून भरलं आणि बरणी पुन्हा पुढे सरकवली.

दादाराव बरणीकडे पाहत राहिले आणि एकदम मोठ्यानं बोलून गेले,

"बरं झालं बाप्पा, यात औषध हाय!"