पावलांच्या ठशांची पडताळणी

आमच्या गावाची वार्षिक सभा मार्चमधल्या एका मंगळवारी, बर्फ वितळून होणाऱ्या चिखलाच्या दिवसांत भरते. गावकरी सभागृहात जमतात, हात वर करून रस्त्यापासून वाचनालयापर्यंतचे ठराव निकालात काढतात आणि मग काकवीत शिजवलेला घेवडा खातात. यंदा दोन गोष्टी नव्या होत्या. खर्च परवडत नाही म्हणून गावाची अ‍ॅम्ब्युलन्स बंद करावी, असा ठराव आला होता. आणि मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर नागरिकत्वाचा कागदोपत्री पुरावा द्यावा, असा नियम लागू झाला होता. देशाची सीमा पुलापलीकडेच असल्यामुळे तो योग्यच होता. पलीकडचे लोक आमच्या सभेला कधी आले नव्हते, कारण मंगळवारी त्यांची हॉकी असते. पण शक्यता नाकारता येत नव्हती.

पडताळणीच्या टेबलावर मी होतो. मी भूशास्त्राचा पदवीधर आहे. पुराव्याशिवाय मी दगडालाही दगड म्हणत नाही.

पहिल्या आल्या शेजारच्या मार्व्हेला टिबेट्स. काही वर्षं मुलीकडे राहून त्या परतल्या होत्या, म्हणून नाव नव्याने नोंदवायचं होतं. नवरा ऑरिन हृदयविकाराने घरी झोपून होता. अ‍ॅम्ब्युलन्स राहावी म्हणून मत द्यायला त्या घेवड्याचं भांडं घेऊन चिखलातून आल्या होत्या.

"अन्सेल, मला ओळखत नाहीस होय रे?"

"ओळखतो, टिबेट्सबाई. पण ओळख हा पुरावा नाही."

त्यांच्या जन्मदाखल्यावर नावाच्या जागी, माहेरच्या आडनावाने, 'ड्रू यांची मुलगी' एवढंच होतं.

"बापाला मुलगा हवा होता," त्या म्हणाल्या. "आठवडाभर रुसून बसला. नाव कोण ठेवणार?"

ती मुलगी याच, असं गावातल्या मतदाराने लिहून दिलं तर चालणार होतं. सभापती लूथर केनिसन लगेच पुढे आले.

"साक्षीदार नागरिक असला पाहिजे," मी म्हणालो.

"अरे, तू रांगत होतास तेव्हापासून मी सभापती आहे."

"म्हणजे इतका काळ विनापुरावा. हे नोंदवून ठेवावं लागेल."

आता तर्क थांबवणं माझ्या हातात नव्हतं. जो साक्ष द्यायला नागरिक ठरत नाही, तो मत द्यायला कसा ठरेल? आणि हा प्रश्न लूथरना लागू असेल, तर इतरांना का नाही? मी सगळ्या सभेला पुरावे आणायला घरी पाठवलं. दोन ट्रक चिखलात रुतले. बाकीचे परतले ते भिंतीवरच्या तसबिरी काखेत मारून.

आमच्याकडे मूल जन्मलं की इस्पितळ एक सोनेरी किनारीचा कागद देतं. वर चोचीत बाळ घेऊन येणारा करकोचा, खाली बाळाच्या पावलांचे शाईतले ठसे. लोक तो फ्रेम करून लावतात आणि त्यालाच जन्मदाखला समजतात.

"ही आठवण आहे, दाखला नाही," मी म्हणालो.

"मग पाऊल कशाला उमटवलंय?" लूथरनी बूट काढला, मोजा काढला आणि पाय टेबलावर ठेवला. "घे, जुळवून बघ."

मी विज्ञानाचा विद्यार्थी. मी मोजपट्टी लावली आणि शेरा लिहिला: 'पाऊल मूळ ठशापेक्षा मोठे. जुळत नाही.'

ज्यांच्याकडे खरा दाखला होता त्या सगळ्या विवाहित बायका निघाल्या आणि त्यांची आडनावं जुळेनात. शेवटी एकच माणूस पूर्ण सिद्ध झाला: ड्वाइट हारग्रेव्ह. हिवाळा फ्लोरिडात काढणारे हे गृहस्थ सभेपुरते आले होते आणि दुपारच्या विमानाने परत निघणार होते, म्हणून ओळखपत्रादाखल पासपोर्ट खिशातच होता. अ‍ॅम्ब्युलन्स बंद करण्याचा ठराव त्यांचाच होता.

"आता तुझा दाखव," लूथर म्हणाले.

मी निश्चिंतपणे पिशवीतून माझी तसबीर काढली; होती तीही तसबीरच, पण माझ्याबद्दल मला शंका नव्हती. करकोचा होता, ठसे होते. मजकूर फ्रेंचमध्ये होता. लहानपणापासून तो मला केवळ कलात्मक वाटत आला होता.

टिबेट्सबाईंनी चष्मा लावला. "हे पलीकडचं इस्पितळ. तुझ्या आईला मीच नेलं होतं, आमच्या पिकअपमधून. आपलं इस्पितळ डोंगरापलीकडे, त्यांचं पुलापलीकडे. तेव्हा गावात अ‍ॅम्ब्युलन्स नव्हती ना रे. तुझ्यानंतरच ऑरिनने दारोदार फिरून ती आणवली."

"पण माझे आईवडील दोघंही इथलेच आहेत."

"पुरावा?" लूथरनी विचारलं. सूर माझाच होता.

मी माझ्या हाताने मतदारयादीतलं माझं नाव खोडलं.

ठराव मतदानाला आला. हारग्रेव्हनी हात वर केला. "मला जरा अवघडल्यासारखं होतंय," ते म्हणाले, पण हात वरच होता. ठराव एकमताने मंजूर झाला.

टिबेट्सबाईंनी भांड्यावर झाकण ठेवलं. घेवडा कोणी खाल्लाच नव्हता.

"पिकअप अजून आहे," त्या म्हणाल्या. "पण अंधारात मला दिसत नाही आता. ऑरिनला काही झालं, तर तू चालवशील?"

मी होकारार्थी मान हलवली. मग अहवाल पूर्ण केला: अपात्र मतदान, शून्य. आमच्या गावात इतकी निर्दोष निवडणूक कधी झाली नव्हती.

तुम्हाला हसू आलं असेल. पण मधेच कुठेतरी तुमचाही दाखला कोणत्या कपाटात आहे, हे तुम्ही मनात चाचपून पाहिलंत. तो सापडला आणि त्यावरचं नावही जुळलं, तर नियम तुम्हाला रास्त वाटेल. हारग्रेव्हनाही वाटला होता.