हात आण इकडं

आमच्या गल्लीतल्या गोदाक्का पोरींचे हात हुंगायच्या. खोटं नाही सांगत. देवासला आम्ही शाळेतून परतत असू, तेव्हा त्या ओट्यावर बसलेल्याच. "ए, हात आण इकडं!" की हात थेट नाकाशी. मग निकाल. "लसणाची शेव! आतडी जळतील मेल्यांनो! सासरी गेल्यावर काय सांगाल?"

गोदाक्का बालविधवा. डोक्यावरून लाल आलवण, जेवण एकच वेळ, कांदा-लसूण वर्ज्य. भावाच्या घरी सोवळ्यातला स्वैपाक त्यांच्याकडे. त्या चुलीच्या जोरावरच त्या घरात त्यांना जागा होती, हे आम्हा पोरींनासुद्धा कळायचं.

शेव मिळायची रस्त्यापलीकडे. देवासची दोन्ही संस्थानं विलीन झाली होती, पण अक्कांच्या लेखी अजून रस्त्याच्या अलीकडे थोरल्या पातीचं राज्य आणि पलीकडे धाकट्या पातीचं. "त्या पातीचं तेल पोटात घालता?" म्हणायच्या. आम्ही आपलं शेववाल्याला "भिया, मिरची ज्यादा डालना" म्हणून पुडी घ्यायचो आणि नाकाडोळ्यांतून पाणी गाळत खायचो.

"घरी काय उपाशी मारतात का गं तुम्हाला?" त्यांनी एकदा विचारलं.

माझी मैत्रीण मंगल तोंडाची फटकळ. म्हणाली, "साय दादाला, तूप दादाला. आम्ही आपलं पुढ्यात पडेल ते गिळायचं. तिथं कसं, मागू ते मिळतं."

"मागू ते," अक्का पुटपुटल्या, आणि तिचा हात सोडायचंच विसरल्या.

पुढं मंगलनं युक्ती केली. नळावर माती लावून हात खसाखसा घासून आली. अक्कांनी हुंगला, परत हुंगला, आणि अश्श्या भडकल्या! "हात कशाला धुतलास, सटवे?" चोरी सापडली नाही म्हणून चिडल्या, असं समजून आम्ही पोट धरधरून हसलो.

हसणं फार दिवस टिकलं नाही. एका सणाला नैवेद्याचं ताट घेताना वहिनींना अक्कांच्या बोटांचा वास आला. "वन्सं! लसूण?" तो आमच्याच हातांचा लागलेला. पण ऐकतंय कोण! सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात वहिनी म्हणाल्या, "पुन्हा त्या पोरींना शिवलात, तर माझ्या चुलीला हात लावायचा नाही."

चूल गेली म्हणजे घर गेलं. ओटा रिकामा झाला.

पुढं एकदा मी एकटीच येत होते, हातात अर्धी उरलेली पुडी. खिडकीतून हलकेच आवाज आला, "ए." गजांमागं अक्का. मी हात पुढं केला. त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले होते, चुकूनही शिवायला नको म्हणून. गजाला नाक टेकवून त्यांनी नुसता श्वास ओढून घेतला. डोळे मिटलेले.

मंगलच्या धुतलेल्या हातावर त्या का भडकल्या होत्या, ते मला तेव्हा कळलं.

"अक्का, तुम्ही खाल्लीत कधी?"

"एकदा. परकरात होते. बाबांनी आणली होती. अर्धी खाल्ली, अर्धी उद्यासाठी म्हणून फडताळात लपवली."

"मग?"

"सकाळी सासरहून माणूस आला. निरोप घेऊन."

आतून वहिनींची हाक आली, "वन्सं, पोळ्या व्हायच्यात अजून!"

अक्का वळल्या. मग थांबल्या, माझ्या हातातल्या पुडीकडं बघितलं.

"संपव ती. इथंच, माझ्यासमोर. उद्याला ठेवू नकोस."