सहाय्यकाची शिफारस जशीच्या तशी मान्य

पाणीपुरवठा कार्यालयात एक गृहस्थ एकोणीस वर्षे सहाय्यक अधीक्षक होते. प्रत्येक फाईलवर ते आपले मत सुवाच्य अक्षरात लिहीत आणि अधीक्षकसाहेब त्याखाली बरोबर उलटा निर्णय लिहीत. शाळेसमोरचा व्हॉल्व्ह बदलावा, असे त्यांनी लिहिले तेव्हा साहेबांनी ‘तूर्त आवश्यकता नाही’ असा शेरा मारला. चौथ्या दिवशी व्हॉल्व्ह फुटला आणि मुले बूट हातात घेऊन घरी गेली. चौकशीत ठपका आला तो सहाय्यकांवरच, मत पुरेशा जोरात न मांडल्याचा.

एका रविवारी त्यांच्या लेकीने त्यांना विरंगुळा म्हणून संगणकावर फुटबॉल संघ चालवायचा खेळ लावून दिला. यात चेंडूला पाय लावायचा नसतो. आपण व्यवस्थापक, कोणाला कुठे उभे करायचे ते ठरवायचे आणि हताश होऊन बघत बसायचे. काम ओळखीचेच होते. शिवाय हाताखाली एक सहाय्यक होता आणि प्रत्येक सामन्याआधी तो नम्रपणे लेखी सल्ला देई. तो पहिला सल्ला वाचून गृहस्थांना भरून आले. याचे तरी कोणीतरी ऐकले पाहिजे, असे ते बायकोला म्हणाले आणि त्यांनी धोरण ठरवले: सहाय्यकाची प्रत्येक शिफारस जशीच्या तशी मान्य.

बचावफळी पुढे न्यावी, अशी पहिली शिफारस आली. मान्य. संघ चार गोलांनी हरला. मग बचावफळी मागे घ्यावी, अशी आली. तीही मान्य, यावेळी पाच गोल. तिसऱ्या सामन्याआधी सहाय्यकाने लिहिले की, वारंवार डावपेच बदलून खेळाडूंचा गोंधळ उडवू नये. हे गृहस्थांना फारच पटले. पुढे सर्वांत जास्त गोल करणाऱ्या खेळाडूला मोकळीक मिळावी म्हणून डाव्या कडेला पाठवण्यात आले. तिथे त्याला इतकी मोकळीक मिळाली की नव्वद मिनिटांत चेंडूसुद्धा त्याच्या वाटेला गेला नाही.

लेकीला हे बघवेना.

“बाबा, तो फक्त सुचवतो. ठरवायचं तुम्ही.”

“सुचवणाऱ्याचं दुःख तुला नाही कळायचं.”

“पण हरलात तर नोकरी कोणाची जाते?”

या अंगाने त्यांनी कधी विचारच केला नव्हता.

नवव्या पराभवानंतर क्लबचे पत्र आले. त्यांना पदमुक्त करून कार्यभार सहाय्यकाकडे सोपवण्यात आला होता. पुढचा सामना त्यांनी परक्यासारखा पाहिला. सहाय्यकाने आपल्या सगळ्या शिफारशी गुंडाळून ठेवल्या होत्या. डाव्या कडेचा खेळाडू मधे आला, त्याने तीन गोल केले. दोन दिवस गृहस्थ तोच सामना पुन्हा पुन्हा लावून बघत बसले. बायकोला वाटले, फार मनाला लावून घेतले. प्रत्यक्षात ते अभ्यास करत होते.

तिसऱ्या दिवशी ते कार्यालयात लवकर गेले. लेखी मत न देता साहेबांसमोर अदबीने उभे राहिले आणि गावातले सगळे व्हॉल्व्ह एकाच दिवशी बदलले तर साहेबांचे केवढे नाव होईल, एवढेच त्यांनी सुचवले. एकोणीस वर्षांत प्रथमच साहेबांनी मान डोलावली.

“आता कुठे तुम्हाला काम समजायला लागलंय,” साहेब म्हणाले.

बदलण्यासाठी सगळे व्हॉल्व्ह एकदम बंद केले आणि गाव चार दिवस कोरडे राहिले. साहेबांची बदली झाली आणि कार्यभार सहाय्यकांकडे आला. त्यांनी व्हॉल्व्ह एकेक करून सुरू केले. नळाला पाणी आले, सत्कारही झाला. साहेब सामान न्यायला आले तेव्हा गृहस्थांना क्षणभर त्यांच्याकडे बघवले नाही. पण खुर्ची खरोखरच आरामशीर होती.

आठवड्याभरात नव्या सहाय्यक बाई रुजू झाल्या. अत्यंत विनयशील. पहिल्याच दिवशी टेबलावर एक टिपण ठेवून म्हणाल्या, “सर, माझं आपलं एक छोटंसं मत आहे.”

गृहस्थ तेव्हापासून त्या टिपणाकडे बघत बसले आहेत. त्यांनी ते मान्य करावे की नाही, हे वाचकांना आमच्याकडून जाणून घ्यायचे असेल, तर जरूर विचारावे. आम्ही सल्ला देऊ. आमचे त्यात काहीच जात नाही.