कांदेबाजारातल्या पिशवीची आणि लाल वायरीची हकीकत

श्रीगजवदन प्रसन्न असोत, आणि ऐकणाऱ्यांची बोटे दहाच्या दहा शाबूत राहोत. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, वैशाख मास, तिसरा प्रहर. ते समयी कांदेबाजारात बेवारस पिशवी सापडली, आणि बॉम्बनाशक पथकाचे सरदार रंगराव खरमाळे यांस पाचारण जाहले. मग चंपा नामे कुत्री पुढे धाडली, आणि ती पिशवी हुंगून गुपचूप खाली बसली. चंपा बसली म्हणजे आत दारूगोळा, हे पथकात पक्के. मग तीस किलोंचे चिलखत अंगी चढले, आणि टोपाची काच बंद होते न होते तोच नाकाचा शेंडा खाजू लागला. आता मोहीम संपेतो नाकास हात लागणे नाही.

परंतु रयत हटेना. सगळे सिनेमे पाहून पंडित जाहलेले! गुलाबशेठ भजीवाले गाडीवर चढून गर्जले, "रंगराव, लाल कापा, लाल!"

मोसंबीवाली हौसाक्का कडाडली, "गप रे मेल्या! लाल कापली की उडतो. हिरवी कापत्यात!"

"घाई नको साहेब, शेवटचा एक सेकंद उरू द्या!" असे तिसरा बोलिला, आणि मोबाइल उंचावले.

रंगरावांनी "दोनशे पावलं मागं सरा!" म्हणून घसा फोडला, त्यास शिट्ट्या मिळाल्या. पिशवी उडती तर निम्मा बाजार जाता. मग रंगरावांनी कर्णा मागविला आणि मधाळ आवाजे वदले, "बरं, तुमचंच खरं. रंग सांगायला एक जाणकार पाहिजे. पिशवीपाशी माझ्या शेजारी उभं राहायचं. चिलखत एकच आहे, ते मी घातलंय. गुलाबशेठ, येताय ना?"

"मी? माझी... भजी करपत्यात!" म्हणोन गुलाबशेठ निघाले ते भज्यांच्या उलट्या दिशेस, आणि हौसाक्का त्यांच्याही पुढे, आणि पळभरात बाजार ओस.

मग रंगरावांनी पिशवीसमोर पाण्याची तोफ, म्हणजे पाण्याच्या तडाख्याने बॉम्ब दुरूनच फोडणारे यंत्र, मांडली, कात्रीस स्पर्शही न करिता डुलत डुलत माघारी आले, वाळूच्या पोत्यांआड आडवे जाहले आणि कळ दाबिली. धडाम! कांदे आभाळी गेले, आणि कोणाच्या नखासही इजा न जाहली.

गुलाबशेठ धापा टाकीत परतले. "मजा नाही आली राव. पण वायर लालच होती ना?"

रंगरावांनी टोप उतरविला, आधी नाक पोटभर खाजविले, मग पिशवीच्या चिंध्यांतून लोंबणाऱ्या वायरींकडे बोट दाखविले. "सगळ्या काळ्या."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. वायर एकही कापली नाही, रयत वाचली, भजी तेवढी खरोखरच करपली.