ब्याड लिहिलेल्या कॅसेटी

"अव्वा, ब्याड लिहिलेल्यांचं काय करू?" भुवनेश्वरीने स्टुलावर उभं राहून विचारलं.

"ब्याड असतील तर ब्याड," स्वयंपाकघरातून तिच्या आईचा, रत्नम्मांचा आवाज आला. "त्यात विचारायचं काय?"

इतकं सरळ बोलणं झाल्यावर पुढचे दोन दिवस त्यात जातील, असं कुणालाच वाटलं नसतं.

जुळे सोलापुरातल्या त्या फ्लॅटमध्ये एक भिंतभर कपाट होतं आणि त्यात अप्पांच्या एकशे बेचाळीस कॅसेटी होत्या. अप्पा म्हणजे भुवनेश्वरीचे वडील गुरुशांत, पाटबंधारे खात्यातले निवृत्त अनुरेखक. दिवाळीनंतर आठव्या दिवशी ते गेले. आता जानेवारी संपत आला होता, सोमवारी रंगारी यायचा होता आणि कपाट रिकामं करायला भुवनेश्वरी पुण्याहून चार दिवसांची रजा काढून आली होती.

विकतची कॅसेट अप्पांनी कधी आणली नाही. ऐंशी-नव्वदच्या काळात त्यांनी सगळी गाणी घरीच भरली. टीव्हीवर गाण्यांचा कार्यक्रम लागला की पडद्यासमोर स्टूल, स्टुलावर टेपरेकॉर्डर आणि घरात संचारबंदी. प्रत्येक कॅसेटवर धरणाच्या नकाशावर शोभेल अशा अक्षरात क्रमांक आणि तारीख. पैकी अकरा कॅसेटींवर लाल शाईने आणखी एक शब्द होता : ब्याड.

अप्पांची शाळा कन्नड. 'बॅड' हा शब्द ते 'ब्याड' असाच लिहिणार, यात भुवनेश्वरीला शंका नव्हती. 'ब्याटरी' आणि 'ब्याग' लिहिलेल्या पाट्या वाचतच ती लहानाची मोठी झाली होती. खराब झालेल्या कॅसेटीसुद्धा अप्पांनी क्रमांक घालून ठेवल्या होत्या, एवढंच तिला वाटलं. त्यांच्या हातून काही टाकवत नसे. तिने त्या अकरा पिशवीत भरल्या आणि रद्दी न्यायला आलेल्या तिप्पण्णाच्या हातगाडीवर ठेवल्या.

तिप्पण्णाने एक कॅसेट उलटीसुलटी करून पाहिली. "ताई, ह्ये धड पलास्टिक बी न्हाय, लोकंड बी न्हाय. ह्याचं म्या काय करू?"

"रद्दीबरोबर घेऊन जा हो. मला जागा रिकामी करायचीय."

"तुमी म्हणताव म्हणून नेतो," तिप्पण्णा म्हणाला आणि उपकार केल्यासारखा निघून गेला.

संध्याकाळी रत्नम्मा टेपरेकॉर्डर पुसून पुढ्यात घेऊन बसल्या. "एक लाव की. त्यांचा आवाज येतोय का बघू."

भुवनेश्वरीने एक कॅसेट उचलली. तीन महिने ती तेच शोधत होती आणि कुणाला सांगत नव्हती. अप्पांचा आवाज कुठेच उरला नव्हता. फोन उचलला की "हं, अव्वाला देतो" एवढंच त्यांचं बोलणं. मोबाइलवरून ते रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवत, ती मुकी. भुवनेश्वरीच्या लग्नाच्या व्हिडिओत ते तीन ठिकाणी बोलताना दिसतात; पण व्हिडिओवाल्याने तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत वर सिनेमाची गाणी चढवली होती. अप्पा व्याह्यांना हात जोडून काहीतरी सांगताहेत आणि तोंडातून बाईच्या आवाजात प्रेमगीत निघतंय, असं ते दृश्य होतं.

कॅसेटी लावायला सुरुवात झाली. फीत पुढे पळवत पळवत त्या रात्री आठ झाल्या, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वीस. गाणी, गाणी आणि गाणी. मध्ये कुणाची हूं नाही की चूं नाही.

"अप्पांनी किती स्वच्छ भरलंय सगळं," भुवनेश्वरी म्हणाली.

"स्वच्छ कसलं?" रत्नम्मा वैतागल्या. "दर आठवड्याला कायतरी घोटाळा व्हायचाच. दारात कोण यायचं, तू पेला पाडायचीस. मग हे दिवसभर तोंड फुगवून बसायचे. ते सगळं कुठं गेलं?"

ते कुठे गेलं हे एका वहीत होतं. टेपरेकॉर्डरच्या खोक्याच्या तळाशी अप्पांची कॅसेटींची यादी निघाली. क्रमांक, तारीख, गाणी आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. सतराव्या क्रमांकासमोर लाल शाईने लिहिलं होतं : 'मध्ये घरचे आवाज. अळिसब्याड.' असाच शेरा अकरा ठिकाणी होता.

"अळिसब्याड म्हणजे?"

"म्हणजे पुसू नको," रत्नम्मा म्हणाल्या. "एवढं पण विसरलीस?"

भुवनेश्वरी खुर्चीवर बसली. "मग कॅसेटीवर नुसतं ब्याड का लिहिलं?"

"तेवढ्याशा चिठ्ठीवर अख्खं कसं मावणार? ब्याड म्हणजे नको; एवढं लिहिलं तरी घरातल्या माणसाला कळतंय की."

"मला वाटलं, बॅड. इंग्रजी."

"तुझे अप्पा इंग्रजीत कशाला लिहितील?"

"पण मी काल तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, ब्याड असतील तर ब्याड."

"तू म्हणालीस, ब्याड लिहिलंय. मला वाटलं, त्यांनी नको म्हणून लिहून ठेवलंय. नको तर नको, म्हटलं." रत्नम्मा जरा थांबल्या. "आणि वीस वर्षांनी लेक तोंडाने कन्नड शब्द बोलली, म्हणून बरं वाटलं. जास्त विचारलं नाही."

पाचव्यांदा लावल्यावर तिप्पण्णाने फोन उचलला.

"त्या व्हय? त्या दिल्या की."

"कुणाला दिल्या?"

"भनीला. मंद्रूपला असतीय बनाबाई. काल सांच्याला आली हुती, तवा दिल्या. लई खुश झाली."

"तिच्याकडे टेपरेकॉर्डर आहे?"

"टेप कशाला पायजे? जोंधळ्याला लावणार हाय."

भुवनेश्वरीने हा शब्द मनात दोनदा फिरवला. मग तिच्या लक्षात आलं. हुरड्याचे दिवस. कणसांत दाणा भरला की पाखरांची झुंबड. कॅसेटची फीत काढून शेतात या काठीपासून त्या काठीपर्यंत ताणली की ती उन्हात चकाकते, वाऱ्याने घुमते आणि पाखरं बिचकतात. बसमधून जाताना तिने अशी शेतं पाहिली होती. ही कुणाची तरी गाणी असतील, असा विचारही तेव्हा तिच्या मनात आला होता आणि तिला तो विचार फार छान वाटला होता.

"अव्वा, मी मंद्रूपला जाऊन येते. रिक्षा बोलावलीय."

"मी पण येणार. आणि ह्या पण येणार." रत्नम्मांनी चांगल्या कॅसेटींची मोठी पिशवी उचलली. "तू आवरायला घेतलंस की घरात काय राहील आणि काय जाईल, भरवसा नाही."

बनाबाईचं शेत गावाच्या अलीकडेच होतं. शोधावं लागलं नाही. लांबूनच बांधावर लखलखाट दिसत होता. माथ्याएवढ्या ज्वारीवर तपकिरी फिती ताणल्या होत्या आणि सगळं शेत भूंऽऽ असं एका सुरात वाजत होतं. भुवनेश्वरी रिक्षातून उतरून तशीच उभी राहिली. त्या भूंऽऽमध्ये कुठेतरी अप्पा होते.

बनाबाई साठीची, डोक्यावर पदर, कमरेला विळा. तिने येण्याचं कारण शांतपणे ऐकून घेतलं.

"चार तशाच हायत खोपीत. त्या न्ह्या. सात लावल्यात. त्या न्हाय मिळायच्या."

"मावशी, त्यात माझ्या वडिलांचा आवाज आहे."

"आसंल की. म्या न्हाय कुटं म्हन्ते? पर आज सकाळपास्नं एक पाखरू फिरकलं न्हाय हितं. त्याआदी डबा बडवून बडवून माजा हात गळाला हुता. आता फीत काडली की पाखरांस्नी काय वाटंल? जेवान तयार हाय, या म्हनून बलावल्यागत हुईल."

"मी तुम्हाला दुसरं काही आणून देते. जाळी आणते."

"कवा?"

"उद्या."

"उद्यापतुर त्यांनी काय उपास धरायचा व्हय?"

खरं तर बाईचं काहीच चुकत नव्हतं आणि त्याचाच भुवनेश्वरीला जास्त राग येत होता. इतक्यात रत्नम्मा पिशवी घेऊन बांधावर बसल्या आणि एकेक कॅसेट काढून पदरावर मांडू लागल्या.

"ही घे, बाई. चौऱ्याऐंशी सालची. सगळी गाजलेली गाणी आहेत. ही त्याच्या पुढच्या वर्षीची. ही नुसती दुःखी गाण्यांची, लांब आहे, दीड तासाची."

"अव्वा, या चांगल्या आहेत," भुवनेश्वरी म्हणाली.

"चांगल्या आहेत म्हणूनच देते. ही गाणी तुझ्या मोबाइलवर मिळतात, तूच म्हणालीस ना काल? मग?"

बनाबाईने एक कॅसेट उन्हात धरून पाहिली. "चकाकती का सारकीच?"

"सारखीच."

"वाजती का?"

"ह्या जास्त वाजतील. ह्यात कुणी मध्ये बोललेलं नाही."

सौदा ठरला. एकास दोन. आधी नवी फीत लावायची, मगच जुनी काढायची, अशी बनाबाईची अट होती. फीत ओढताना तिने एक शहाणपण केलं होतं. रिकामी झालेली कॅसेट फेकून न देता तिने ती काठीलाच बांधून ठेवली होती, म्हणजे फितीचं एक टोक अजून आत अडकलेलं होतं. पेन्सिल कुणाकडेच नव्हती. भुवनेश्वरीच्या पेनाने दोन कॅसेटी गुंडाळून झाल्या आणि पेन मोडलं. बनाबाईने तुरकाटी तासून दिली, ती नेमकी बसली.

ऊन उतरेपर्यंत तिघी गुंडाळत होत्या. फितीला धाटाचं कूस लागत होतं, ते बोटाने निपटायचं, पीळ सोडवायचा, पुन्हा फिरवायचं. दोन ठिकाणी फीत तुटली, तिथे रिक्षावाल्याने आरशाला लावलेली चिकटपट्टी काढून दिली. एक कॅसेट तर शेळीने अर्धी खाल्ली होती.

"तिच्यात काय महत्त्वाचं नसंल," बनाबाई म्हणाली.

"कशावरून?"

"शेळीला काय फरक पडला न्हाय की."

निघताना तिने ओटीभर हुरडा रत्नम्मांच्या पिशवीत घातला. पिशवीत जागा बरीच झाली होती.

घरी पोचल्यावर चहासुद्धा न घेता दोघी टेपरेकॉर्डरसमोर बसल्या. खोपीतल्या चार कॅसेटी आधी लावल्या. एकीत भांडं पडल्याचा आवाज होता. एकीत सात वर्षांची भुवनेश्वरी "मला दिसत नाही, सरक" असं कुणाला तरी म्हणत होती. दोहोंत शेजारचं कुत्रं. अप्पा कुठेच नव्हते. शेतातल्या सहांपैकी दोन लागल्याच नाहीत, तीन नुसत्या खरखरल्या.

सहावी भुवनेश्वरीने आत घातली. एक युगुलगीत सुरू झालं. आवाज पाण्याखालून आल्यासारखा वरखाली होत होता. पहिलं कडवं संपता संपता त्यावर दुसरा आवाज चढला. तरुण, घाईतला, रत्नम्मांचा.

"अहो, दोडका करू का घेवडा?"

गाणं चालू राहिलं.

"अहो, तुम्हालाच विचारतेय. दोडका का घेवडा?"

गाणंच चालू राहिलं.

"बघ," रत्नम्मा म्हणाल्या. "एक शब्द नाही. टेप चालू आहे ना, मग हातानेच, थांब म्हणून. सगळ्यांचे आवाज भरले, पोरांचे, कुत्र्याचे, माझे. हे मात्र चूप. मग ह्यांचा आवाज कुठून सापडणार आपल्याला?"

भुवनेश्वरीलाही ते आत्ता उमगलं. घरात गप्प बसण्याचा नियम पाळणारं माणूस एकच होतं. त्यांनी घरातले सगळे आवाज जपून ठेवले होते आणि त्यात स्वतः कुठेच नव्हते. दोन दिवस, बावीस मैल, एक पेन आणि एक शेळी. ती बटण बंद करायला पुढे वाकली.

गाणं संपलं होतं. थोडा वेळ खरखर झाली. मग अगदी जवळून, टेपरेकॉर्डरवर वाकलेल्या माणसाचा, जरासा खाकरलेला आवाज आला.

"हां. झालं गाणं. बोल आता, काय विचारत होतीस?"

आणि टक् करून फीत थांबली.

रत्नम्मांनी पदर सारखा केला आणि टेपरेकॉर्डरकडे बघून नेहमीच्या, किंचित त्रासलेल्या आवाजात म्हणाल्या, "दोडका करू का घेवडा, विचारत होते."

भुवनेश्वरीने डोळे पुसले आणि फीत मागे फिरवायला हात पुढे केला. रत्नम्मांनी तो धरला.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "लगेच नको. त्यांना ठरवायला वेळ लागतो."