बारा पांगारे आणि भूगोलाचे सर

"मुलांनो, परीक्षा तोंडावर आलीय. पंधरा दिवस तुम्ही पुस्तकात डोकं घाला, झाडं माझ्यावर सोपवा! एक पान जरी कमी झालं, तर माझं नाव बदला!"

भूगोलाच्या सरांनी छाती ठोकून ही घोषणा केली, तेव्हा सहावीचा वर्ग जरा चुळबुळला. शाळेमागचे बारा पांगारे म्हणजे वर्गाचा जीव की प्राण! दीड वर्षापूर्वी मुलांनीच खड्डे खणून रोपं लावली होती. एका झाडाला दोन मुलं. बाटलीतलं पाणी आधी झाडाला, उरलं तर घशाला. शिंप्याची मुलगी तर झाडाची उंची मोजायला गळ्यात टेप घालूनच हिंडायची, म्हणून तिचं नावच 'टेप' पडलं होतं.

"सर, विसरू नका हं!" झारी त्यांच्या हातात देत टेपनं बजावलं.

"अगं, अठरा वर्षं भूगोल शिकवतोय मी!" सर म्हणाले. त्याचा झारीशी काय संबंध, ते त्यांनाच ठाऊक.

आणि सर विसरले. पहिल्या दिवशी प्रश्नपत्रिका काढायची होती, दुसऱ्या दिवशी कंबर धरली, तिसऱ्या दिवसापासून झारीच कुठे दिसेना. थेट चौदाव्या दिवशी, शनिवारी, मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावून सांगितलं, "सोमवारी वनखात्याच्या अधिकारी येतायत आपली झाडं बघायला."

सर धावत शाळेमागे गेले आणि जागच्या जागी थिजले. बारा काठ्या! कमरेएवढ्या, उघड्याबोडक्या, काटेरी! अंगावर औषधाला पान नाही! सरांच्या तोंडचं पाणी पळालं. आपण चोवीस मुलांची झाडं मारली! टेपला काय तोंड दाखवायचं?

सरांनी नर्सरीवाल्या मेहुण्याला गाठलं. मेहुणा मुळीच हादरला नाही.

"भाऊजी, एवढंच ना? उद्या रविवार. बारा हिरवीगार झाडं लावून देतो. पोरांना काय कळतंय!"

रविवारी दोघांनी कुदळीनं काठ्या उपटल्या. काट्यांनी सरांचे दोन्ही हात ओरबाडून काढले. खड्ड्यांत तुकतुकीत पानांची नवी झाडं उभी राहिली. काठ्या सरांनी घरी आणल्या, तर बायको हरखली.

"अय्या, काकडीच्या वेलांना आधार हवाच होता! आयुष्यात पहिल्यांदा न सांगता काहीतरी आणलंत!"

सोमवारी अधिकारी बाई आल्या. मोठ्या बाई अभिमानानं पुढे, मागे सहावीचा वर्ग आणि सगळ्यात मागे, हात खिशात घालून, सर. टेपनं झाडाला टेप लावली आणि किंचाळली.

"सर! माझं झाड पंधरा दिवसांत वीतभर वाढलं!"

"माझ्या झाडाचे काटे गेले!" दुसरा ओरडला.

"हे माझं नाहीच!" तिसऱ्यानं भोकाड पसरलं.

अधिकारी बाईंनी पान चुरगाळून पाहिलं. "ही तर बाहेरून आणलेली शोभेची झाडं आहेत! पांगारे कुठायत?"

"चोरी!" मोठ्या बाई पांढऱ्याफटक पडल्या. "माझ्या शाळेत चोरी! पोलिसांना बोलवा!"

चोवीस मुलं एका सुरात रडायला लागली. सरांनी हात खिशात आणखी खोल खुपसले.

"थांबा," अधिकारी बाई म्हणाल्या. "पांगाऱ्याला काटे असतात. उपटणाऱ्याचे हात सोलवटलेच असणार. सगळ्यांनी हात पुढे करा!"

अठ्ठेचाळीस चिमुकले हात पुढे आले. मोठ्या बाईंनीही बांगड्या सारून हात दाखवले. राहिले कोण?

"सर, तुमचे?" टेपनं विचारलं.

सरांनी खिशातून हात काढले. मोठ्या बाईंनी आधारासाठी भिंत धरली.

"मेली होती हो ती!" सर काकुळतीला आले. "पाणी घालायला विसरलो मी! एक पान राहिलं नव्हतं! मुलांना काय सांगणार होतो?"

टेपचं रडणं थांबलं. ती सरांकडे बघतच राहिली.

"सर, पांगारा या दिवसांत पानं गाळतोच की. गेल्या वर्षीही गाळली होती. पानझडी वृक्ष. धडा सातवा. तुम्हीच शिकवलाय! चार मार्कांना येतो!"

"काठ्या... म्हणजे झाडं माझ्या घरी आहेत, अंगणात," सर पुटपुटले.

मग अख्खा वर्ग सरांच्या अंगणात घुसला, मागोमाग अधिकारी बाईही. बायको मातीत रोवलेल्या बारा काठ्यांवर काकडीचे वेल चढवत होती. टेपनं एका काठीची साल नखानं हळूच खरवडली. आत हिरवंगार!

"जिवंत आहे!" ती ओरडली, आणि पोरांनी एकच गलका केला. सरांचे डोळे भरून आले, ते त्यांनी ओरबाडलेल्या हातांनी पुसले आणि चांगलंच झोंबलं.

"आता पुन्हा उपटलंत तर मात्र खरंच मरतील," अधिकारी बाईंनी तंबी दिली. "नीट मूळ धरेपर्यंत वर्षभर इथेच राहू द्या."

तेव्हापासून रोज सकाळी सहाला चोवीस मुलं सरांची कडी वाजवतात. रविवारीसुद्धा! झाडांवरून उतरवलेल्या वेलांना बायको नवा आधार शोधतेय आणि झारी अजून सापडलेली नाही, म्हणून सर तांब्यानं पाणी घालतात.

मुलं मात्र शब्दाला पक्की निघाली. त्यांनी सरांचं नाव बदललं. आता सगळी शाळा त्यांना 'पानझडे सर' म्हणते आणि परवा पगारपत्रकावरसुद्धा चुकून तेच आलं!