उठताना टेकलेला हात

सिगाला बेचाळिसाव्या वर्षी जुळी झाली आणि बारशासाठी आणलेला मेंढा ऐन बारशाच्या सकाळी दावं तोडून समुद्रात शिरला, त्या वर्षीची ही गोष्ट. म्बूर गावात त्याला अजूनही मेंढ्याचं वर्ष म्हणतात. त्याच वर्षी, पावसाळा सरत आला असताना, सिगाच्या बापाने, दियेगान न्गोमने, रेडिओवर साऱ्या गावाला सांगितलं की माझ्या सख्ख्या नातवाची पाठ लागणार.

दियेगान होड्या बांधायचा. पंचाहत्तरी गाठली होती, हातांना डांबराचा वास कायमचा मुरला होता. पण गाव त्याला ओळखायचं ते त्याच्या डोळ्यांमुळे. कुठली कुस्ती कोण मारणार हे तो आठ दिवस आधी सांगायचा. त्यात तावीज नव्हता, मंत्र नव्हता. पैलवान जेवून उठताना तो बघायचा, बस्स. भाताच्या परातीभोवती पाचसहा जण चटईवर बसतात, जेवण झालं की उठतात. जो हात न टेकता उठतो तो जिंकतो, जो चटईला हात लावतो तो हरतो. वाळूतल्या कुस्तीत पाठ लागली की हार, हात आणि गुडघे टेकले तरी हार. मग ज्याचा हात कोणी न ढकलता आपणहून जमिनीकडे जातो, तो अर्धा हरलेलाच नाही का? दियेगानने अशा एक्केचाळीस कुस्त्या सांगितल्या होत्या आणि एकही चुकली नव्हती. भरती-ओहोटी एखादे दिवशी चुकेल, मी चुकणार नाही, असं तो म्हणायचा, आणि हे बढाई म्हणून नव्हे, हवामान सांगावं तसं म्हणायचा.

त्या एक्केचाळीस वेळा चुकला तो अन्सुमाना साम्बू. बर्फाच्या कारखान्यात आयुष्य घालवलेला, बोटं वाकडी झालेला जोला म्हातारा. दियेगान सेरेर जमातीचा. फार पूर्वी दोन बहिणींची होडी समुद्रात दुभंगली, एक इकडे लागली, एक तिकडे, आणि त्यांची लेकरं म्हणजे सेरेर आणि जोला. म्हणून सेरेराने जोलाला गुलाम म्हणायचं, भातखाऊ म्हणायचं, जोलाने सेरेराला गुलाम म्हणायचं, बाजरीखाऊ म्हणायचं, आणि रागवायचं कोणीच नाही. जो रागावला तो खरा गुलाम. या नात्याला जागून अन्सुमाना दियेगानच्या प्रत्येक भाकिताच्या उलट बोलायचा. तो चुकतोय हे त्याला ठाऊक असायचं. पण मावसभावाशी एकमत होणं त्याला जास्त लाजिरवाणं वाटायचं.

कडुलिंबाखाली म्हाताऱ्यांची बैठक होती. तिथली दोघांची स्टुलं दियेगाननेच केलेली. स्वतःचं हलक्या लाकडाचं, करंगळीवर तोलावं असं. अन्सुमानाचं मात्र त्याने मुद्दाम होडीच्या कण्याच्या जड लाकडातून कोरलं होतं, म्हणजे भातखाऊला रोज घरून आणताना घाम फुटावा. अन्सुमाना बारा वर्षं ते स्टूल वाहत होता आणि देवाने झाडं इतकी जड का केली यावर बोलत होता.

त्या वर्षी डाकारला पिंजऱ्यातल्या लढती ठरल्या. तारेच्या आठकोनी कुंपणात दोघांना सोडायचं. ठोसा, लाथ, कुस्ती, सगळं चालतं. एकूण पाच लढती होत्या आणि शेवटची सिगाच्या थोरल्या मुलाची, लातिरची होती. दोन वर्षांपूर्वी तो वाळू सोडून डाकारला एका वस्तादाकडे हे शिकायला गेला होता. त्याच्यासमोर होता मालांग, दक्षिणेचा जोला, वाळूतला नावाजलेला गडी. बाकीचे सगळेही वाळूतूनच नुकते उचलून आणलेले.

गावच्या रेडिओवाल्या बाईने ठरवलं की पाचही लढतींचं भाकीत दियेगानच्या तोंडून ऐकवायचं. दियेगानने एकच अट घातली. दहाही जणांना माझ्यासमोर जेवू घाला, पण खुर्चीवर नको, खुर्चीवरून माकडसुद्धा हात न टेकता उठतं. लढती भरवणाऱ्यांना फोटो हवेच होते. त्यांनी म्बूरला मांडव टाकला, दोन चटया, दोन पराती, मासे-भात. दियेगान दाराशी आपल्या हलक्या स्टुलावर बसला. लोक सांगतात की त्या दिवशी पैलवान परीक्षेला बसल्यासारखे जेवत होते. एकाला तर घास गिळवेना.

एकेक जण उठला. चार जोड्यांचं दियेगानने मनात नोंदवून ठेवलं. मालांग ताडाच्या झाडासारखा सरळ उठला. मग लातिर. त्याने डावा हात मागे चटईवर रोवला, एक पाय पुढे पसरला, दुसरा खालून ओढून घेतला आणि उभा राहिला.

टेकलेला हात सख्ख्या नातवाचा होता. पण दिसलं ते दिसलं.

घरी आल्यावर सिगाने बापाचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं. ती त्याच्यासमोर बसली. म्हणाली, "बाबा, चौघांचं सांगा. माझ्या मुलाचं तेवढं सांगू नका. तुमचा शब्द त्याच्याआधी पिंजऱ्यात जाऊन बसेल."

"एकदा डोळेझाक केली की पुढे माझ्या डोळ्यांवर कोण विश्वास ठेवेल?"

"मी ठेवेन," सिगा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने रेडिओवर पाचही लढती सांगितल्या. चार नावं झरझर घेतली, मग पाणी मागितलं आणि पाचवं सांगितलं: लातिरची पाठ लागेल, तो हरेल. रेडिओवाली बाई इतका वेळ गप्प राहिली की लोकांना वाटलं वीज गेली.

सिगाने बोलणं टाकलं. परात वेळेवर पुढे यायची, त्यात माशाचा चांगला तुकडाही असायचा, पण ती ठेवून ती वळायची. असे नऊ दिवस. वैऱ्याच्या घरचा उपास बरा, पण हसू नसलेला मासा घशाखाली उतरत नाही.

इकडे अन्सुमानाची पंचाईत झाली. मालांग त्याच्याच मुलखातला. पण दियेगान मालांगच्या बाजूने बोलल्यावर त्याला दुसरी वाट उरली नाही. कडुलिंबाखाली उभं राहून त्याने जाहीर केलं की लातिर जिंकणार. त्याच्या गावकऱ्यांनी त्याला विचारलं की तू भानावर आहेस का. तो म्हणाला, भानावर आहे, पण या बाजरीखाऊचा मावसभाऊही आहे. पैज लागली. जो चुकेल त्याने वर्षभर दुसऱ्याचं स्टूल त्याच्या घरून बैठकीला आणायचं आणि परत पोचवायचं, मागे मागे चालत, गुलामासारखं.

डाकारला निघण्यापूर्वी लातिर आजोबांच्या पाया पडायला आला. दियेगानला वाटलं, आता हा रागावणार. तो रागावला नाही.

"दिसलं ते बोललात, आजोबा. फक्त एक करा. शेवटपर्यंत उठू नका."

दियेगानने मान हलवली.

शनिवारी दुपारी कडुलिंबाखाली टीव्ही लागला. तरणी पोरं समुद्रावरच्या मोठ्या पडद्याकडे गेली होती, झाडाखाली सगळे साठीच्या पुढचे. चहाचा पहिला पेला फिरला तोवर पहिली लढत संपली: ठोसा बसला, एक जण आडवा झाला तो उठलाच नाही. दियेगान बरोबर. दुसरी, तिसरी, चौथी तशीच. चारही वेळा जो पडला तो हरला. म्हाताऱ्यांना हा खेळ आवडला. वाळूसारखाच आहे, ते म्हणाले, फक्त तार जास्त.

पाचवी सुरू झाली. दियेगानने गुडघ्यांवर हात घट्ट धरले होते. आयुष्यात पहिल्यांदा तो आपण चुकावं म्हणून बसला होता. मिनिटभर दोघे फिरले. मग मालांगने लातिरच्या कमरेला मिठी घातली, पोतं उचलावं तसा उचलला आणि आपटला. पाठ लागली. पूर्ण, स्वच्छ, चितपट.

झाडाखाली सगळे एकदम उभे राहिले, जनाज्याला राहतात तसे. दियेगानही उठला.

"बंद करा," तो म्हणाला. "पडलेल्या माणसाकडे बघू नये."

टीव्ही बंद झाला. पैज हरलो असं समजून अन्सुमानाने दियेगानचं हलकं स्टूल उचलून बगलेत मारलं. एवढ्यात समुद्राकडून मोठी आरोळी आली. ती आपल्या जोला पोरांची असणार, असं धरून अन्सुमाना शरमला आणि दुसऱ्याच्या दुःखात ओरडणारी ही पिढी बर्फाच्या कारखान्यात एक महिना कोंडली पाहिजे, असं म्हणाला. मग ठरलं की सिगाला भेटून दोन शब्द बोलायचे. आठ म्हातारे रांगेने निघाले. वाटेत लोक त्यांना बघून हसत होते, हात उंचावत होते. दियेगानला वाटलं, बिचारे धीर देतायत. त्याने प्रत्येकाला गंभीरपणे सलाम केला.

सिगाच्या अंगणातून ढोल ऐकू येत होते. अन्सुमाना हळूच म्हणाला की दुःखाने माणसाचं डोकं फिरतं, त्याने पाहिलंय. दियेगान आत शिरला. तीसेक बाया नाचत होत्या, सिगा मधोमध, पाठीला एक जुळं बांधलेलं, दुसरं शेजारणीच्या पाठीला. दियेगानने हात वर केला. ढोल थांबले. वाटेत जुळवलेलं भाषण त्याने अख्खं म्हणून टाकलं. पाठ लागणं म्हणजे मरण नव्हे. आपल्या घराण्यात पडलेले पुष्कळ झाले, पण पळालेला एकही नाही. पोरगा घरी येईल तेव्हा त्याला गरम पाणी द्या आणि कोणी काही विचारू नका.

फक्त पाठीवरच्या पोराने उचकी दिली.

सिगा घाम पुसत पुढे आली. नऊ दिवसांनी ती बापाशी पहिलं वाक्य बोलली.

"बाबा, तुम्ही बघितलं नाही?"

पिंजऱ्यात पाठ लागली तरी लढत संपत नाही, हे त्याला तीस बायांनी एकाच वेळी समजावलं. लातिर खाली पडल्यापडल्याच मालांगची मान पायांच्या कात्रीत धरून बसला होता. मालांग सुटायला बघत राहिला आणि शेवटी त्यानेच जमिनीवर हात थोपटून हार कबूल केली. गावभर माहीत होतं. माहीत नव्हतं ते कडुलिंबाखालच्या आठ जणांना.

दियेगान अंगणातल्या उखळावर बसला. अन्सुमानाने बगलेतल्या स्टुलाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. म्हणाला, "तू पाठ लागणार म्हणालास. पाठ लागली. बरोबरी धरू या."

"हरेल असंही म्हणालो होतो."

"मग उचल आपलं. तू वाद घालशील म्हणून मी मनात दहा शिव्या तयार ठेवल्या होत्या, त्या फुकट गेल्या."

रविवारी लातिर घरी आला. सगळे एका परातीवर जेवले. उठताना पुन्हा तोच डावा हात मागे, तोच पाय पुढे. दियेगानने विचारलं, कमरेत काही दुखतं का रे. लातिर हसला.

"पिंजऱ्यात असंच उठतात, आजोबा. एक हात मागे टेकायचा, दुसरा तोंडापुढे, म्हणजे उठताना लाथ बसत नाही. दोन वर्षं रोज शंभर वेळा घोटलंय. आता जेवणावरूनही तसाच उठतो."

दियेगानने परात बाजूला सारली. मग म्हणाला, "तू शेवटपर्यंत बस म्हणाला होतास." त्याने आजोबांना फोनवर लढत दाखवायची तयारी केली, पण दियेगानने हात आडवा केला. जो उठायचं नव्हतं तेव्हा उठला, त्याने आता बसून काय करायचं.

त्याच दुपारपासून तो अन्सुमानाचं स्टूल वाहू लागला. होडीच्या कण्याचं ते लाकूड. पहिल्याच दिवशी खांदा सोलला. स्टूल इतकं जड कोणी केलं, असं अन्सुमाना चौकाचौकात लोकांना विचारायचा आणि उत्तराची वाट बघत थांबायचा. बैठक घरापासून दोनशे पावलांवर, पण तो मासळीबाजारावरून न्यायचा, बर्फाच्या कारखान्यावरून न्यायचा, एकदा तर दवाखान्यात रक्तदाब तपासायला गेला आणि गुलामाला स्टुलासकट बाहेर उभं केलं. भाकीत विचारायला आता कोणी येत नव्हतं. दियेगानला त्याचं फारसं वाटेना. सिगा पुन्हा बोलू लागली होती.

जूनमध्ये, पहिल्या ढगांच्या दिवसांत, दोघे अन्सुमानाच्या घरी जेवले. अन्सुमाना उठला तेव्हा त्याने हात टेकला. डावा नाही, दोन्ही. टेकले आणि थोडा वेळ तसेच राहू दिले.

दियेगानने पाहिलं. अन्सुमानानेही, त्याने पाहिलं हे पाहिलं.

"काय बघतोस, बाजरीखाऊ? मीही पिंजऱ्यातली विद्या शिकतोय."

"वस्ताद बरा दिसतोय," दियेगान म्हणाला.

एवढंच. ते भाकीत त्याने कुणाला सांगितलं नाही, सिगालासुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र लांबची वाट तोच मागू लागला. आज मासळीबाजारावरून जाऊ या, म्हणायचा, आणि स्टूल खांद्यावर घ्यायचा.

अंत्ययात्रेच्या दिवशी जनाजा दारातून निघाला तेव्हा दियेगान रस्त्याच्या मधोमध त्या जड स्टुलावर बसून होता. जनाजा अडवून थट्टा करायचा हक्क मावसभावाला असतो. तो म्हणाला, पैजेचे अडीच महिने शिल्लक आहेत, गुलामाची सेवा अर्धी टाकून मालकाने असं पळून जायचं नसतं. जोला बाया रडता रडता हसल्या. त्याला उठवायला दोघे पुढे आले, पण त्याने त्यांना थांबवलं आणि स्वतःच उठला, डावा हात मागे टेकून. मग स्टूल खांद्यावर घेऊन जनाज्यामागून कबरस्तानापर्यंत चालला. उरलेले अडीच महिने तो ते रोज कडुलिंबाखाली नेऊन ठेवायचा आणि संध्याकाळी परत पोचवायचा, मासळीबाजारावरून.

अन्सुमाना साम्बू ९ ऑगस्ट २०२३ रोजी, बुधवारी, दुपारच्या नमाजाच्या थोडं आधी, म्बूर इथे आपल्या घरी वारला.